लुईव्हिलला काय कमी पडतंय

लुईव्हिल, ५ जुलै १९८८

लाइल,

पेपरात तुझा फोटो आलाय. तू आणि तो पोरगा. तू त्याच्या गळ्यात पडलायस की तो तुझ्या, हे नीट कळत नाही, पण दोघांचे डोळे मिटलेले आणि तोंडं वासलेली. मॉरीनने सकाळी ते पान उघडून माझ्या बशीशेजारी ठेवलं आणि म्हणाली, लाइलने अखेर करून दाखवलं हो. मी म्हटलं, मीठ दे.

तर अभिनंदन. नऊच्या नऊ इनिंग टाकल्यास आणि समोरच्या एकालाही धड फटका मारू दिला नाहीस. बेसबॉलमध्ये बॉल टाकणारे पिचर जन्मभर असल्या एका दिवसाची वाट बघतात. आपणही बघितली की. इतकी वर्षं तू टाकत होतास आणि मी कॅचर म्हणून झेलत होतो, दोनदा आठव्या इनिंगपर्यंत पोचलोही होतो. आणि तो दिवस उजाडला तेव्हा बॅटवाल्याच्या पाठीशी, प्लेटमागे उकिडवा बसला होता कोण, तर रेनाल्डो ओकासियो! अजून दाढी नीट येत नाही त्या कार्ट्याला.

मला फार आनंद झाला असं लिहिणार होतो, पण तू मला ओळखतोस. माझा जळफळाट झाला. दिवसभर झाला. संध्याकाळी मॅचमध्ये मी पंचाशी उगाचच भांडलो आणि मॅनेजरने मला हाताला धरून बाजूला नेलं.

दोन वर्षांपूर्वी आपला क्लब सोडून तू सॅक्रामेंटोशी करार केलास तेही मला असंच न्याहारी करताना पेपरातूनच कळलं होतं. तेव्हापासून आपण बोललेलो नाही. फोन केला तर मी काहीतरी तोडून बोलीन, म्हणून हे पत्र. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, तेव्हा क्लबाच्या पत्त्यावर टाकतोय.

इथली बातमी म्हणजे स्टॅकपोल साहेबांनी मला बोलावलं होतं. खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारे आपले जनरल मॅनेजर अजून जुलैतसुद्धा तोच तपकिरी कोट घालतात. आम्ही पहिल्या नंबरापासून थोडेच मागे आहोत. महिनाअखेर क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होते, त्याआधी संघात काय कमी आहे ते त्यांना माझ्याकडून हवंय. म्हणाले, "मैदानात बाकी सगळ्यांची तोंडं तुझ्याकडे असतात, वेंडेल. सगळ्यांना समोरून बघणारा तूच एकटा. काय कमी पडतंय, सांग."

तेरा वर्षं या क्लबात गुडघे झिजवतोय, ऑक्टोबरातली वर्ल्ड सिरीज फक्त टीव्हीवर बघितली. यंदा जमेल असं वाटतंय. माझ्या वयात पुन्हा कुठे जमणार?

वेंडेल

लुईव्हिल, १२ जुलै

लाइल,

उत्तर नाही. ठीक आहे, टपाल सावकाश जात असेल.

मी साहेबांना सगळं सांगितलं. डावीकडचा प्रूइट बॉल पकडतो, पण तो फेकायच्या आधी त्याची प्रार्थना म्हणून होते. दुसऱ्या बेसवरचं पोर चांगलंय, त्याला हात लावू नका. शेवटच्या इनिंगांना टाकायला एक ताजा हात लागेल. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मॅचची सुरुवात करणारा डावखुरा पिचर नाही. तो मिळाला तर ऑक्टोबर आपलाच.

साहेबांनी विचारलं, डोळ्यांसमोर कोणी आहे का? मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि तुझं नाव घेतलं. लाइल थिबॉडो. सॅक्रामेंटो तळाला आहे, त्यांना यंदा जिंकायचं नाहीये, ते देतील. साहेब हसले. म्हणाले, तुम्हा दोघांचं बोलणं नाही असं ऐकलं होतं. मी म्हटलं, बोलायला कशाला हवं, बॉल टाकायला हवा.

बघ, मी किती मोठ्या मनाचा आहे. पण तुला खरं सांगतो, तू पुन्हा माझ्या ग्लोव्हमध्ये टाकायला लागलास ना, की त्या पोराला टीव्हीवर बघू दे, तू कोणाचा पिचर आहेस ते.

गेल्या आठवड्यात मेम्फिसवाले आले होते. बॉल टाकला जाताच पळत सुटून आमचे बेस त्यांनी असे चोरले, जसे काही उघड्यावरच पडले होते. लोकांनी हुर्यो केली. दोष आमच्या पिचरांचा. हातातून बॉल सोडायलाच इतका वेळ लावतात की माझ्यापर्यंत तो येईतो समोरचा दुसऱ्या बेसवर उभा राहून पँट झटकत असतो. मॅनेजरने विचारलं, खांदा कसा आहे? खांद्याला काय धाड भरलीय? बर्फ मी लावतो तो उकाड्यामुळे.

वेंडेल

सॅक्रामेंटो, १८ जुलै

लाइल,

तुझ्याच गावातल्या हॉटेलात बसून तुला पत्र लिहितोय. हसू नकोस.

काल तू आमच्याविरुद्ध टाकलास तेव्हा मी डगआउटमध्ये होतो. मॅनेजरने मला विश्रांती दिली होती, मी मागितली नव्हती. त्यामुळे पहिल्यांदाच तुला बाजूने बघितलं. इतकी वर्षं समोरून बघत होतो. तू पाय उचलतोस तेव्हा जीभ बाहेर काढतोस, हे मला माहीतच नव्हतं!

आणि दुसरं एक बघितलं. त्या पोराने बोटांनी खूण केली की तू टाकतोस. तो मागेल ते टाकतोस. एकदाही नको म्हणून मान हलवली नाहीस. एकदाही! माझ्या वेळी, विशेषतः शेवटी शेवटी, तू सारखी मान हलवायचास. मी एक मागावा आणि तू नको म्हणावं. मी समजायचो, लुईझियानाचं पाणी आहे, हट्टी असतात. लोकांनाही सांगायचो, लाइल नाही म्हटल्याशिवाय हो म्हणत नाही. आणि काल तू शाळेतल्या शहाण्या मुलासारखा त्याचं ऐकत होतास. मला ते बघवेना. मी सूर्यफुलाच्या बिया चावत बसलो आणि बाजूच्याच्या बुटांवर साली थुंकल्या.

मॅच संपल्यावर तू मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होतास. मला दिसलास. कदाचित माझी वाट बघत नसशीलही. तो पोरगा तुझ्या शेजारी उभा राहून काहीतरी सांगत होता आणि तू हसत होतास. मी दुसऱ्या दाराने गेलो. बस सुटत होती, असं समज.

वेंडेल

लुईव्हिल, २५ जुलै

लाइल,

साहेबांनी काल पुन्हा बोलावलं. तुझ्याबद्दल बोलणी चालू आहेत, जवळजवळ ठरलंच आहे म्हणाले. माझी छाती अशी फुगली की काय सांगू. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "तो त्यांचा कॅचर ओकासियो कसा वाटला?"

मी म्हटलं, बॅट बरी आहे. हात मंद आहेत. जड बॉल आला की दचकतो. पिचरला सांभाळायची अक्कल यायला अजून काही वर्षं लागतील. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कोटाच्या खिशातून गोळी काढून तोंडात टाकली.

कशाला विचारलं असेल, या विचारात मी घरी आलो. मॉरीन टोमॅटोच्या वेलांना काठ्या बांधत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याचे हात खरंच मंद आहेत?" मी म्हटलं, तसे म्हणजे, म्हटलं तर आहेत. तिने काठी खाली ठेवली. म्हणाली, वेंडेल, तो पोरगा तुझी सवत झालाय. घरात बोलतोस तर त्याच्याबद्दल, जेवतोस तर त्याच्या नावाने. लाइलने दुसरा संसार मांडलाय आणि तू इथे खिडकीत बसून वाट बघतोयस.

मी म्हटलं, तो परत येतोय. काही दिवसांचाच प्रश्न आहे. तिने मान डोलावली आणि पुन्हा काठ्या बांधायला लागली.

तू आलास की मॉरीन तुझ्यासाठी ती झणझणीत सॉसची बाटली आणून ठेवणार आहे. क्लबहाउसमध्ये माझ्या शेजारचं कपाट मी रिकामं करून घेतलंय. तिथे प्रूइटचे बूट होते, ते हलवले.

वेंडेल

लुईव्हिल, ३१ जुलै

लाइल,

काल फोनवर मी एका प्रश्नापलीकडे काही बोललो नाही. तू बोलत होतास आणि मी भिंतीकडे बघत होतो. आता बोलतो, आणि सुरुवातीपासून सांगतो, कारण तुला फक्त तुझी बाजू माहीत आहे.

काल दुपारच्या मॅचमध्ये मध्येच मॅनेजरने मला बाहेर काढलं. माझी बॅटिंगची पाळी होती, दुसऱ्याला पाठवलं. मी हेल्मेट आपटलं आणि बाकावर बसलो. तेवढ्यात प्रूइट आला आणि त्याने मला मिठी मारली. मी म्हटलं, काय रे, उकाड्याने डोकं फिरलं का? मग दुसऱ्या बेसवरचं पोर आलं, त्याचे तर डोळे भरलेले. मग एकेक करून सगळे. आता तुला माहीत आहे, या अदलाबदलीच्या दिवसांत भर मॅचमधून एखाद्याला काढलं आणि बाकीचे गळ्यात पडायला लागले की त्याचा अर्थ काय. तू आणि मी कितीजणांना अशा मिठ्या मारल्या. पण लाइल, माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मला वाटलं, तू येतोयस ते ठरलं! म्हणून सगळे माझं अभिनंदन करतायत. मी हसून प्रत्येकाची पाठ थोपटत होतो. म्हणत होतो, अरे, मजा येणार आता, बघाच. ती पोरं माझ्याकडे कशी बघत होती, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

साहेबांच्या खोलीत गेलो तेव्हा कळलं. तू येतोयस. ओकासियोही येतोय. मोबदल्यात आमची खालच्या लीगमधली दोन पोरं जातायत, आणि मी. सॅक्रामेंटोला उरलेल्या मोसमापुरता कोणीतरी प्लेटमागे बसवायला हवाय. तळाचा क्लब. तिथे ऑक्टोबरात खेळाडू घरी बसून अंगणातली पानं गोळा करतात.

मी म्हटलं, मी नाही जाणार. दहा वर्षं लीगमध्ये आणि शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या माणसाला त्याच्या सहीशिवाय कोणी हलवू शकत नाही. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. तू नाही म्हणालास तर सगळंच मोडेल. उद्या दुपारपर्यंत सांग." मी विचारलं, लाइल एकटा का नाही? तर म्हणाले, लाइलच्याही करारात नाही म्हणायचा हक्क लिहिलेला आहे, आणि त्याची अट आहे. कॅचर सोबत आला तरच येईन.

मी काय ऐकलं, ते तुला कळतंय का? तुला मी मागून आणत होतो. कपाट रिकामं केलं होतं. आणि तू मला काढून त्याला बसवायची अट घातली होतीस.

साहेब एवढंच म्हणाले, "तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं, वेंडेल. फक्त एक जागा तू सोडलीस. सोडलीस ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि त्या पोराबद्दल जे बोललास, त्यावरून तर खात्रीच पटली."

घरी आलो तर तुझा फोन. दोन वर्षांनी! आणि तू नमस्कार-चमत्कार काही न करता सरळ सांगायला लागलास. तुझे शब्द मी पुन्हा लिहितोय, म्हणजे मला नीट कळले की नाही ते तू बघ.

तू म्हणालास, "तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस असला की तू माझा तो ऐनवेळी खाली पडणारा बॉल मागायचास. मी मान हलवायचो. का हलवायचो, कधी विचारलंस?"

मग तू स्वतःच सांगितलंस.

"तुझे गुडघे खाली जात नव्हते रे. तो बॉल मातीत पडला असता, तुझ्या पायांमधून मागे गेला असता, तिसऱ्यावरचा घरी येऊन धाव काढून गेला असता, आणि सगळ्या गावाने तुझ्या नावाने बोंब मारली असती. म्हणून मी सरळ टाकायचो. त्यांनी मारले. हरलो तर माझ्या नावावर हरलो, तुझ्या नाही. शेवटची दोन वर्षं हेच चाललं होतं."

मग मी एवढंच विचारलं, सांगितलं का नाहीस? आणि तू म्हणालास, "तुला? कसं सांगायचं होतं? सांगता येईना म्हणून तर निघून गेलो."

मी फोन ठेवला. रागाने नाही. खोटं, रागानेच. तू माझी दया केलीस. मी तुझा कॅचर होतो आणि तू शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हाताऱ्या मास्तरला सांभाळून घेतात तसं मला सांभाळून घेत होतास. त्या पोराला तू तुझा सगळ्यात चांगला बॉल देतोस, आणि मला काय दिलंस? तुझा तो एकही फटका न बसलेला दिवस त्याला मिळाला, याचा मत्सर मला महिनाभर होता. आता कळलं, तो दिवस मला मिळणारच नव्हता, कारण माझ्यामुळेच तो येत नव्हता. याचा जास्त मत्सर वाटतो. अजून वाटतोय, लिहिताना.

आज सकाळी मी लवकर मैदानावर गेलो. म्हातारा डच, पिचरांचा सराव घेतो तो, त्याला म्हटलं, खाली टाक. मातीत टाक. त्याने का म्हणून विचारलं नाही. टाकत राहिला. पहिला मी अडवला. बघितलंस, म्हटलं त्याला. पुढचा मागे गेला. त्याच्या पुढचाही. मी दातओठ खाऊन खाली जायचा प्रयत्न करत होतो आणि गुडघे आपले आपल्याच वेळेने जात होते. थोड्या वेळाने मागे बघितलं तर कुंपणापाशी बॉलच बॉल पडले होते. डच बादली घेऊन आला आणि ते वेचायला लागला. मीही वेचू लागलो.

तसाच घामाच्या कपड्यांत साहेबांकडे गेलो. ते फोनवर होते, त्यांनी तो खाली ठेवला. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं काय कमी आहे. कॅचर कमी आहे. आणि ओकासियोचे हात मंद नाहीत. मी लीगमध्ये बघितलेल्यांत सगळ्यात जलद आहेत." त्यांनी पेन पुढे केलं. मी सही केली.

तुझ्यासाठी केली नाही, उगाच भारावून जाऊ नकोस. त्या पोराला माझी जागा दिली म्हणून मी संत झालो असंही समजू नकोस. ऑक्टोबरात तू आणि तो तिथे उभे असाल आणि मी कुठेतरी टीव्हीसमोर असेन, हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. त्याने मॉरीनने तुझ्यासाठी आणलेला सॉस खाल्ला असं कानावर आलं तर मी काय करीन, सांगता येत नाही. मॉरीन सप्टेंबरपर्यंत इथेच राहतेय. तुम्हाला जेवायला बोलावीन म्हणाली. मी म्हटलं, लाइलला बोलाव.

बारा ऑगस्टला सॅक्रामेंटो लुईव्हिलला येतंय. आम्ही येतोय, असं म्हणायची मला अजून सवय नाही. दिवस मोजून बघितले, टाकायची तुझीच पाळी असणार. मी माझ्याच मैदानात परक्याचा शर्ट घालून बॅट घेऊन उभा राहीन. तू समोर, आणि तो माझ्या पाठीमागे उकिडवा. गावातले लोक टाळ्या वाजवतील, कदाचित उभे राहतील. तुझं मन विरघळेल, मला माहीत आहे. तुला वाटेल, म्हाताऱ्याला एक सोपा देऊ, सरळ, छातीजवळ, लोकांनाही बरं वाटेल.

तसं करू नकोस, लाइल. तो खाली पडणारा टाक. मी बॅट फिरवून तोंडावर पडलो तर पडू दे. सगळ्या गावादेखत पडू दे. पण तो मला टाक. तो बॉल तू मला कधी दिलाच नाहीस.

वेंडेल